रीसलिंगची बाटली निवडताना: लेबलापासून ताटापर्यंत

जर्मनीत नव्याने राहायला आलेल्या आणि वाइनची फारशी ओळख नसलेल्या मराठी माणसाला सुपरमार्केटमधील पांढऱ्या वाइनच्या मांडणीपुढे उभे राहिल्यावर जो गोंधळ वाटतो, त्याचे मुख्य कारण रीसलिंग हे द्राक्ष आहे. या एकाच द्राक्षापासून लिंबासारखी चरचरीत, अजिबात गोड नसलेली वाइनही बनते आणि मधासारखी दाट, गोड वाइनही बनते. शिवाय दोन्ही बऱ्याचदा त्याच उंच, निमुळत्या बाटलीत भरलेल्या असतात. त्यामुळे एखाद्याने दिलेली रीसलिंग आवडली म्हणून त्याच नावाची दुसरी बाटली आणली, तर ती आवडेलच याची खात्री नसते. प्रस्तुत लेखात आधी बाटलीतील साखर कशी ओळखावी हे सांगितले आहे आणि नंतर तिच्याबरोबर काय खावे हे. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे, कारण साखरेचा अंदाज न घेता पदार्थ निवडला तर चांगली वाइन आणि चांगला पदार्थ एकमेकांची चव बिघडवतात.

रीसलिंगचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख १४३५ सालचा असून तो माइन नदीकाठच्या र्‍यूसेल्सहाइम येथील हिशेबात द्राक्षवेलींच्या खरेदीच्या निमित्ताने आलेला आहे. आज जर्मनीत सुमारे २४,००० हेक्टरवर, म्हणजे देशातील एकूण वाइन-द्राक्षांच्या जवळजवळ पाव क्षेत्रावर, हीच वेल आहे. हे द्राक्ष उशिरा पिकते आणि थंड हवेत पिकताना आपला आंबटपणा टिकवून धरते. पुढे जेवणाविषयी जे सांगायचे आहे ते सारे या आंबटपणावर उभे आहे, म्हणून ही गोष्ट आधी लक्षात ठेवावी.

पहिली पायरी: साखर किती आहे ते पाहणे

लेबलावर ‘ट्रॉकन’ असे लिहिले असेल, तर वाइन कोरडी, म्हणजे गोड नसलेली असते. कायद्याने अशा वाइनमध्ये लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर चालते, आणि आम्लता पुरेशी असल्यास ९ ग्रॅमपर्यंत. रीसलिंगमध्ये आम्लता बहुधा पुरेशी असतेच. ‘हाल्बट्रॉकन’ म्हणजे अर्धकोरडी, जिच्यात साखर साधारणतः १२ ते १८ ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. ‘लीब्लिख’ची मर्यादा ४५ ग्रॅम आहे आणि त्यापुढची ‘झ्यूस’, म्हणजे उघड गोड. या चार शब्दांखेरीज ‘फाइनहेर्ब’ हा शब्दही वारंवार दिसतो, पण त्याची कायदेशीर व्याख्या नाही. उत्पादकाला आपली वाइन किंचित गोड आहे एवढेच त्यातून सुचवायचे असते, आणि एका गावातील फाइनहेर्ब दुसऱ्या गावातील फाइनहेर्बपेक्षा बरीच गोड निघू शकते.

अडचण अशी की यांपैकी कोणताही शब्द लेबलावर असलाच पाहिजे असे नाही. अशा वेळी अल्कोहोलची टक्केवारी पाहावी. ती छापणे बंधनकारक असते. द्राक्षाच्या रसातील साखर आंबताना तिचेच अल्कोहोल होते, त्यामुळे आंबण्याची क्रिया मध्येच थांबवली तर अल्कोहोल कमी राहते आणि साखर शिल्लक उरते. रीसलिंगच्या बाटलीवर ७ ते ९ टक्के हा आकडा असेल तर ती गोड आहे असे समजावे, १० ते ११ टक्के असेल तर बहुधा मधली, आणि साडेअकरा टक्क्यांच्या पुढे असेल तर बहुतेक वेळा कोरडी. हा नियम शंभर टक्के बिनचूक नसला, तरी दुकानात उभ्या असलेल्या माणसाला याहून सोपे साधन दुसरे नाही.

आता तर आणखी नेमका मार्ग उपलब्ध झाला आहे. ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनच्या बाबतीत युरोपीय संघाने घटक आणि पोषणमूल्ये जाहीर करणे सक्तीचे केले असून बहुतेक उत्पादक ही माहिती बाटलीवरील क्यूआर कोडमागे ठेवतात. मोबाइलने तो कोड वाचला की १०० मिलिलिटरमध्ये किती साखर आहे ते दिसते. त्या आकड्याला दहाने गुणले की लिटरमागची साखर मिळते, ०.६ दिसले तर वाइन कोरडी, ४ दिसले तर चांगलीच गोड. शाकाहारी वाचकांनी लेबलावर ‘व्हेगन’ अशी खूण आहे का तेही पाहावे, कारण वाइन नितळ करताना अंड्याचा बलक सोडून उरलेला पांढरा भाग, दुधातील प्रथिने, जिलेटिन किंवा माशांपासून मिळणारा पदार्थ वापरण्याची पद्धत काही ठिकाणी अजूनही आहे.

दुसरी पायरी: श्रेणीची नावे नीट समजून घेणे

काबिनेट, श्पेटलेझ, आउस्लेझ, बेरेनआउस्लेझ, आइसवाइन आणि ट्रॉकनबेरेनआउस्लेझ ही नावे वाचून नवखा माणूस ती गोडव्याची चढती भाजणी आहे असे समजतो. १९७१ च्या वाइन कायद्याने पक्क्या केलेल्या या श्रेणी वस्तुतः काढणीच्या वेळी द्राक्षाच्या रसात किती साखर होती हे सांगतात, आणि ते माप फर्डिनांड उक्सले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘उक्सले’ अंशांत मोजले जाते. मोझेल खोऱ्यात काबिनेटसाठी किमान ७० आणि श्पेटलेझसाठी किमान ७६ अंश लागतात. तो रस पुढे किती आंबू द्यायचा, हे उत्पादक ठरवतो. म्हणूनच ‘श्पेटलेझ ट्रॉकन’ अशी बाटली असू शकते, जी उशिरा काढलेल्या पिकल्या द्राक्षांची असूनही पूर्णपणे कोरडी असते. मात्र श्रेणीचे नाव आहे आणि पुढे ‘ट्रॉकन’ वगैरे काहीच नाही, तर मोझेलच्या बाबतीत ती गोडीकडे झुकणारी आहे असे मानायला हरकत नाही.

उशिरा काढणीची प्रथा कशी पडली याविषयी र्‍हाइनगाऊमधील योहानिसबेर्ग येथे एक कथा सांगतात. तेथील मळे फुल्डाच्या धर्मसत्तेच्या ताब्यात होते आणि काढणीची परवानगी तेथून घोडेस्वाराकरवी येत असे. १७७५ साली तो स्वार उशिरा पोहोचला, तोवर द्राक्षांवर बुरशी आली, आणि तरीही काढलेल्या त्या द्राक्षांची वाइन अपूर्व झाली. कथेतील तपशिलाला किती महत्त्व द्यायचे ते वाचकाने ठरवावे, परंतु योहानिसबेर्गच्या अंगणात त्या स्वाराचा पुतळा उभा आहे. आइसवाइनचा प्रकार वेगळा आहे. त्यासाठी द्राक्षे वेलीवरच उणे ७ अंश किंवा त्याहून खाली गोठावी लागतात आणि गोठलेल्या स्थितीतच पिळावी लागतात, त्यामुळे उबदार हिवाळ्यांच्या वर्षी ती बनतच नाही.

तिसरी पायरी: प्रदेश आणि मळा

जर्मनीतील तेरा वाइन प्रदेशांची नावे पाठ करण्याची सुरुवातीला गरज नाही, चार पुरेत. मोझेल खोऱ्यात पाटीच्या दगडाचे तीव्र उतार आहेत, दिवसा तापलेला दगड संध्याकाळी ऊब देतो, आणि वाइन हलकी, कमी अल्कोहोलची, हिरव्या सफरचंदाच्या वासाची होते. र्‍हाइनगाऊमध्ये र्‍हाइन नदी काही अंतर पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे उजव्या तीरावरच्या मळ्यांना दक्षिणेचे ऊन मिळते आणि वाइन अधिक भरदार व बहुधा कोरडी असते. हार्ट डोंगररांगेच्या आडोशाला वसलेला फाल्स प्रदेश इतका उबदार आहे की तेथे अंजीर आणि बदाम पिकतात. तेथील कोरडी रीसलिंग अंगाने जड असते. र्‍हाइनहेसेन हा सर्वांत मोठा प्रदेश असून तेथे स्वस्त, साधारण वाइनही भरपूर होते आणि नीअरश्टाइनच्या लाल मातीच्या उतारांवर उत्तम वाइनही होते.

लेबलावरील गावाच्या नावाने मात्र एका जागी हटकून फसगत होते. ‘पीस्पोर्टर गोल्डट्र्यॉप्फशेन’ हा पीस्पोर्ट गावाजवळचा खरोखरीचा नामांकित मळा आहे, तर ‘पीस्पोर्टर मिशेल्सबेर्ग’ हे आजूबाजूच्या अनेक गावांतील सपाट-चढ सगळ्या जमिनीला मिळून दिलेले सामूहिक नाव आहे. दोन्ही नावे दिसायला सारखीच भारदस्त. अशा सामूहिक नावांनीच, आणि लीबफ्राउमिल्खसारख्या गोडमिट्ट मिश्रणांच्या निर्यातीनेही, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन वाइनचे नाव परदेशांत पार खाली आणले. त्यापेक्षा बाटलीच्या गळ्यावर द्राक्षांचा घड धरलेला गरुड दिसला तर ती १९१० साली स्थापन झालेल्या व्ही.डी.पी. या उत्पादक-संघाच्या सदस्याची आहे असे समजावे. तेथील ‘गुट्सवाइन’ ही सर्वांत खालची पायरी असली तरी नवख्याने सुरुवात तेथूनच करावी. ‘ग्रोसेस गेवेक्स’ ही महागडी कोरडी वाइन काही वर्षे मुरल्यावर खुलते आणि पहिल्या भेटीत बऱ्याच जणांना नुसती कडक वाटते. संघाचा गरुड नसला म्हणून वाइन वाईट ठरत नाही; ‘गुट्सअबफ्यूलुंग’ लिहिलेली बाटली उत्पादकाने स्वतःच्याच मळ्यातील द्राक्षांपासून भरलेली असते. एवढे मात्र पाहावे की ‘रीसलिंग’ हा शब्द लेबलावर आहे, कारण तो असेल तरच त्यात किमान ८५ टक्के रीसलिंग असते.

पहिली बाटली कोणती घ्यावी, या प्रश्नाला माझे उत्तर मोझेलची काबिनेट किंवा फाइनहेर्ब असे आहे. गोड वाइन म्हणजे अडाण्यांची वाइन, असा एक समज जर्मनीतच गेली काही दशके रुजला आहे आणि आग्रहाने ‘ट्रॉकन’ मागणारे यजमान ठिकठिकाणी भेटतील. त्यांचे ऐकावे, परंतु मिरची-मसाल्यावर वाढलेल्या जिभेला थोडी साखर शिल्लक असलेली रीसलिंग लवकर उमगते, हेही खरे.

चौथी पायरी: थंड करणे आणि ओतणे

हलकी किंवा गोड रीसलिंग ८ ते १० अंश सेल्सिअसला आणि भरदार कोरडी १० ते १२ अंशांना प्यावी. घरचा फ्रीज याहून थंड असल्यामुळे बाटली पंधरा-वीस मिनिटे आधी बाहेर काढून ठेवली की काम होते. पेला लहान, वर किंचित निमुळता असावा आणि तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भरू नये. बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसले तर घाबरू नये. ते टार्टरिक आम्लाचे क्षार आहेत आणि निरुपद्रवी आहेत. जुन्या रीसलिंगला रॉकेलची आठवण करून देणारा वास येतो, तोही दोष नसून मुरण्याची खूण असते. उघडलेली बाटली बूच किंवा फिरकीचे झाकण लावून फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहते, गोड असेल तर त्याहूनही अधिक.

जेवणाआधी नुसत्या वाइनचा एक घोट घ्यावा, मग मीठ लावलेल्या बटाट्याचा एक घास खाऊन दुसरा घोट घ्यावा. मिठामुळे आंबटपणा लगेच मऊ होतो आणि फळाचा स्वाद पुढे येतो. हा एवढा प्रयोग केला की पुढच्या जोड्या पाठ कराव्या लागत नाहीत.

पाचवी पायरी: ताटात काय असावे

जर्मन स्वयंपाकात लोणी, साय, चीज आणि डुकराची चरबी यांचा वापर सढळ असतो, आणि रीसलिंगचा आंबटपणा हा तेलकटपणा घासागणिक पुसून टाकतो. मोझेलकाठच्या खाणावळींत मिळणारा ट्राउट मासा, पिठात घोळवून लोण्यात तळलेला, याला कोरड्या मोझेल रीसलिंगची जोड देतात ती याच कारणाने. माशावर लिंबू पिळल्यासारखेच हे काम होते. चीज आणि तळलेला कांदा घातलेल्या मऊ नूडल्सची केझेश्पेट्सले ही शाकाहाऱ्यांची हक्काची डिश कोरड्या फाल्स रीसलिंगबरोबर खावी. कांद्याचा ट्स्वीबेलकूखन आणि पातळ, कुरकुरीत फ्लामकूखन हेही तिच्याच पंक्तीतले, परंतु दोन्हींत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालण्याची पद्धत असल्याने शाकाहाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे.

फाल्समधील झाउमागेन, म्हणजे डुकराच्या जठरात मांस, बटाटे आणि मार्जोरम भरून शिजवलेला आणि काप करून परतलेला पदार्थ, माजी चान्सेलर हेल्मुट कोल परदेशी पाहुण्यांना डाइडेसहाइम गावी नेऊन खिलवत असत. त्याच्यासोबत झाउअरक्राउट, म्हणजे आंबवलेला कोबी, असते, आणि येथे एक वेगळा नियम कामी येतो: आंबट पदार्थासोबत त्याच्याइतकीच आंबट वाइन लागते, नाहीतर वाइन पाणचट लागते. व्हिनेगर-कांद्यात मुरवलेले हांडकेझ हे चीज किंवा फ्रँकफुर्टचा सात हिरव्या पाल्यांचा थंड सॉस, जो उकडलेली अंडी आणि बटाट्यांबरोबर वाढतात, यांनाही म्हणूनच र्‍हाइनगाऊची कोरडी रीसलिंग झेपते.

गोड पदार्थांचा नियम याच्या उलट बाजूचा आहे. पदार्थ वाइनपेक्षा गोड असेल तर वाइन नुसती आंबट लागते. किसलेल्या बटाट्याचे राइबेकूखन सफरचंदाच्या गोड गराबरोबर खातात, तेव्हा त्यांच्यासोबत कोरडी वाइन घेतली तर ती जिभेला बोचते. फाइनहेर्ब किंवा काबिनेट घेतली तर बटाट्याचे मीठ, तेल आणि सफरचंद सगळे जुळून येते. बदकाचे किंवा हंसाचे मांस फळांच्या सॉसमध्ये असेल तर त्याला काही वर्षे मुरलेली श्पेटलेझ द्यावी.

काही ठिकाणी रीसलिंगचा हट्ट धरू नये. एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत सारा देश श्पार्गेल, म्हणजे पांढरे अ‍ॅस्परॅगस, खात असतो. त्याच्या हलक्या कडवटपणामुळे रीसलिंग तीक्ष्ण वाटू शकते, आणि फ्रांकेन किंवा र्‍हाइनहेसेन प्रदेशातील सिल्वानर ही दुसऱ्या द्राक्षाची मवाळ पांढरी वाइन त्याला अधिक शोभते. गोमांसाचा दाट रस्सा किंवा टोमॅटोत मुरलेले मांस असेल तर लाल श्पेटबुर्गुंडर मागवावी.

आपल्या स्वयंपाकघरात

जर्मनीतील मराठी घरांत शनिवार-रविवारी जो स्वयंपाक होतो त्याच्याशी रीसलिंगचे जमते, कारण तिखटाच्या बाबतीत तिचा स्वभाव अनुकूल आहे. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते आणि साखरेने शमते. लाल वाइनमधील तुरट द्रव्ये तिखटाबरोबर आणखी खरखरीत लागतात, ती रीसलिंगमध्ये नगण्य असतात. तांबड्या रश्श्याला म्हणूनच ८ टक्क्यांच्या आसपासची मोझेल काबिनेट किंवा गोड श्पेटलेझ चांगली थंड करून द्यावी. १३ टक्क्यांची कोरडी वाइन त्याच रश्श्याबरोबर घशाला जाळते. रवा लावून तळलेली सुरमई किंवा कांदाभजी, तिखट बेताचे असेल तर, कोरड्या रीसलिंगबरोबर उत्तम लागतात. चिंच-गुळाच्या आमटीत आंबट आणि गोड दोन्ही असते, त्यामुळे तेथे फाइनहेर्बला पर्याय नाही. लोण्याच्या गोळ्यासह थालीपीठ असेल तर तीच बाटली पुढे चालू ठेवावी.

सोलकढी आणि ताक यांच्याबरोबर वाइन घेऊ नये. ही पेये स्वतःच तिखट शमवण्याचे काम करतात आणि दोन्ही एकत्र आली की दोन्ही बेचव होतात. श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी यांच्याबाबतही प्रयोग टाळावा असे माझे मत आहे. त्यांच्या गोडीला पुरून उरेल अशी बेरेनआउस्लेझ मिळते, पण एवढी महाग बाटली इतक्या भरगच्च पक्वान्नापुढे हरवून जाते. ती निळ्या बुरशीच्या खारट चीजबरोबर, जेवणाच्या शेवटी, लहान पेल्यात घ्यावी. खारट आणि गोड यांचा तो मेळ एकदा तरी अनुभवावा असा आहे.

बाहेर पिताना आणि घरी नेताना

शिकण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे श्ट्राउसविर्टशाफ्ट, अर्थात उत्पादकाने वर्षातून जास्तीत जास्त चार महिने आपल्याच अंगणात चालवलेली खाणावळ, जिच्या दारावर झाडाची फांदी किंवा केरसुणी टांगलेली असते. तेथे ०.१ लिटरचे पेले मागवून एकाच मळ्याच्या कोरडी, अर्धकोरडी आणि गोड अशा तीन वाइन शेजारी ठेवून पाहाव्यात, सोबत पाव आणि चीज घ्यावे. उन्हाळ्यात ‘शोर्ले’, म्हणजे सोडा घातलेली वाइन, मागितली तर कोणी कमी लेखत नाही. परतीला गाडी चालवायची असेल तर रक्तातील अल्कोहोलची मर्यादा दर हजारी ०.५ आहे, आणि परवाना नवा असेल किंवा वय २१ पेक्षा कमी असेल तर शून्य.

भारतात जाताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य आयातशुल्काविना नेता येते. उतरल्यावर ज्या राज्यात जायचे तेथील नियम मात्र वेगळे पाहावे लागतात, गुजरातेत तर दारूबंदीच आहे. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि ३७५ मिलिलिटरची एक अर्धी बाटली या मर्यादेत बसतात, म्हणून दोन काबिनेट आणि एक लहान बेरेनआउस्लेझ असा बेत करता येतो. विमानतळाबाहेर घेतलेल्या बाटल्या हातातील सामानात सहसा नेऊ देत नाहीत. त्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवाव्यात, आणि घरी पोहोचल्यावर किमान एक दिवस थंड, अंधाऱ्या जागी राहू देऊन मगच उघडाव्यात.